झुडपानं केली चहाडी

एक माणूस कुंपणाला अडकलेल्या वाळक्या झुडपांच्या ढिगाकडे निघालाय. पायात जाडजूड बूट, हातात यंत्र. झुडपं गोल, काटेरी, कमरेएवढी उंच. यंत्राचं चपटं तोंड तो एका झुडपावरून हळूहळू फिरवतो. कट्. कट्… कट्. यात विशेष काही नाही. हे यंत्र कुठेही धरलं तरी असे तुरळक आवाज येतात, तुमच्या वर्गातसुद्धा येतील. मग तो दुसऱ्या झुडपाकडे वळतो, आणि यंत्र एकदम कटकटकटकट करायला लागतं. माणूस दोन पावलं मागे सरतो, झुडपावर खूण करतो आणि साथीदाराला हाक मारतो. या झुडपाची रवानगी आता साध्या कचऱ्यात होणार नाही.

हे चालतं अमेरिकेत, वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात, हॅनफर्ड नावाच्या जागी. (अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन वेगळी, ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. भूगोलाच्या पेपरात गोंधळ नको!) झुडपाचं नाव टंबलवीड. तुम्ही त्याला नक्की पाहिलंय. कार्टूनमध्ये ओसाड गाव दाखवायचं असलं की रिकाम्या रस्त्यावरून एक वाळका गोळा गडगडत जातो ना, तोच हा.

गंमत म्हणजे हे झुडूप मुळात अमेरिकेचं नव्हेच. १८७०च्या दशकात रशियाकडून आलेल्या जवसाच्या बियाण्यात त्याच्या बिया मिसळून आल्या आणि मग ते काही आवरलं नाही. उन्हाळाभर हिरवं असतं. नंतर वाळतं, खोड जमिनीलगत कडकन तुटतं आणि सगळं झुडूप वाऱ्याबरोबर सुटतं. जाईल तिथे बिया सांडत. एका मोठ्या झुडपाला अडीच लाखांपर्यंत बिया येतात म्हणे. आपण होळीच्या शेणी मोजता मोजता चुकतो, या बिया मोजणाऱ्याला माझा नमस्कार.

त्याच्या दोन सवयी आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाच्या आहेत. एक, त्याचं सोटमूळ पाण्याच्या शोधात पाच-सहा मीटर खोल जाऊ शकतं, म्हणजे दुमजली घर उलटं गाडलं तर जेवढं जाईल तेवढं. आणि दोन, कुठे जमीन नुकतीच खणली असेल, उकरली असेल, तिथे इतर झाडं यायच्या आधी हे पठ्ठं हजर होतं.

आता हॅनफर्डला जमीन कुणी उकरली, आणि त्यात काय पुरलं?

१९४३ साली दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स अशी दोन छोटी गावं होती. जर्दाळू, पीच, चेरीच्या बागा होत्या. नदीतले मासे पकडून जगणारे वानापम नावाचे तिथले मूळ रहिवासी होते. एक दिवस सरकारची पत्रं आली: जागा सोडा. काहींना जेमतेम महिन्याची मुदत मिळाली. का सोडायची, ते सांगितलं नाही. मग तिथे हजारो कामगार आले. मोठमोठ्या इमारती उठल्या. कामगारांनासुद्धा आपण काय बनवतोय हे ठाऊक नव्हतं. ते बनवत होते प्लुटोनियम. ९ ऑगस्ट १९४५ला जपानच्या नागासाकीवर पडलेल्या अणुबाँबमध्ये हॅनफर्डचंच प्लुटोनियम होतं. युद्ध संपलं, पण कारखाना थांबला नाही. अणुभट्ट्या तीनाच्या नऊ झाल्या, आणि त्यातली शेवटची १९८७मध्ये बंद पडली.

प्लुटोनियम काढायचं म्हणजे अणुभट्टीतून निघालेलं युरेनियम तीव्र आम्लात विरघळवायचं आणि त्यातून चिमूटभर प्लुटोनियम वेगळं करायचं. चिमूटभर वेगळं काढलं की उरतं ते भांडंभर! या उरलेल्या जहाल द्रावणासाठी हॅनफर्डला जमिनीखाली १७७ टाक्या बांधल्या. त्यात सुमारे २१ कोटी लिटर कचरा साठलाय. त्यातल्या १४९ टाक्या जुन्या, पोलादाच्या एकाच पत्र्याच्या. व्हायचं ते झालं. काही टाक्या गळल्या. गळलेला कचरा ३८ लाख लिटरच्या आसपास असावा असा अंदाज आहे. शिवाय टाकीत ठेवण्याइतकं घातक नाही असं समजून जे पाणी थेट चरांमध्ये आणि खड्ड्यांमध्ये सोडून दिलं, ते सुमारे १.७ लाख कोटी लिटर. हा आकडा मी दोनदा तपासला, तुम्हीही शून्यं मांडून बघा.

तेव्हाच्या अभियंत्यांचा हिशोब असा: हे वाळवंट आहे. वर्षाकाठी पाऊस पडतो १७-१८ सेंटीमीटर. (महाबळेश्वरला हे एखाद्या दिवसाचं काम.) वरून पाणी मुरणार नाही, मग पुरलेलं वर कसं येईल? हिशोब चांगला होता. त्यात फक्त मुळं धरायची राहिली.

या सगळ्या द्रावणात दोन भिडू असे आहेत, ज्यांना झाडं हमखास आत घेतात. एक स्ट्राँशियम-९०, दुसरा सीझियम-१३७. झाडाला वास येत नाही का? विष आहे हे कळत नाही का? नाही कळत, आणि त्याचं कारण फार मजेदार आहे.

लग्नाच्या पंगतीत कधीकधी एक गृहस्थ बसलेले असतात. मुलीकडच्यांना वाटतं हे मुलाकडचे. मुलाकडच्यांना वाटतं हे मुलीकडचे. कपडे ठाकठीक, ‘अहो, इकडे जिलबी’ म्हणण्याची तऱ्हा अगदी घरच्या माणसाची. मग अडवणार कोण? स्ट्राँशियम म्हणजे हेच गृहस्थ. मोठ्या भावाबहिणीच्या पुस्तकात आवर्तसारणी शोधा. तिच्या दुसऱ्या रांगेत, वरून खाली, मॅग्नेशियम, त्याखाली कॅल्शियम, आणि बरोब्बर त्याच्या खाली स्ट्राँशियम. उभ्या रांगेतल्या मूलद्रव्यांचं वागणं मिळतंजुळतं असतं, कारण त्यांच्या अणूंची सगळ्यांत बाहेरची इलेक्ट्रॉनची मांडणी सारखी असते. झाडाला कॅल्शियम हवंच असतं, पेशींच्या भिंती मजबूत करायला. मुळांवर कॅल्शियमला आत घ्यायची दारं असतात. त्या दारातून स्ट्राँशियम मजेत आत शिरतं. पहिल्या रांगेत पाहा: सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम. पोटॅशियमच्या दारातून सीझियम आत.

आणि किरणोत्सर्ग, म्हणजे या दोघांतून निघणारा, यंत्राला कटकट करायला लावणारा अदृश्य मारा? तो येतो अणूच्या अगदी आतून, केंद्रकातून. मूळ ओळखतं ते अणूच्या बाहेरच्या रूपावरून. आत केंद्रकात काय खदखदतंय, हे तपासायचं साधन कुठल्याच मुळाजवळ नाही. तुमच्या-माझ्याजवळही नाही. आपल्या डोळ्यांना, नाकाला, जिभेला किरणोत्सर्ग कळत नाही. म्हणून तर ते कटकट करणारं यंत्र लागतं.

आत शिरल्यावर दोघांचे मार्ग वेगळे. कॅल्शियम एकदा पानात पोचलं की तिथून सहसा हलत नाही. म्हणून स्ट्राँशियमही पानात आणि खोडात ठाण मांडतं. पोटॅशियम मात्र भटकं. आज या पानात, उद्या कोवळ्या शेंड्यात, परवा फळात. त्याच्या मागोमाग सीझियमही झाडभर हिंडतं.

मुळाकडून शेंड्याकडे पाणी कसं चढतं, हे घरी बघायचं असेल तर पावसाळ्यात तेरड्याचं एक रोप मुळासकट अलगद उपटा, मुळं धुवा आणि लाल शाई घातलेल्या पाण्यात उभं करा. पांढऱ्या फुलांचा, फिकट दांड्याचा तेरडा मिळाला तर उत्तम. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, इथे मात्र काही तासांतच दांड्यात लाल रेघा चढलेल्या दिसतील. त्या रेघा म्हणजे झाडाच्या पाण्याच्या नळ्या. पाण्यात जे विरघळलंय त्यातलं बरंचसं या नळ्यांतून वर जातं. आता हे रोप पाच मीटर खोल मुळाचं आहे आणि खाली लाल शाईऐवजी गळकी टाकी आहे असं समजा. हॅनफर्डचं टंबलवीड डोळ्यांसमोर आलं?

बरं, बाकीच्या झाडांनी अंग चोरून बसावं तर तेही नाही. हॅनफर्डच्या माळावर सेजब्रश नावाचं करड्या पानांचं सुगंधी झुडूप सगळीकडे दिसतं. आपण जोतिबाला दवणा वाहतो ना, त्याच दवण्याच्या कुळातलं. त्याचीही मुळं खोल जातात. पण सेजब्रश जागचं हलत नाही. टंबलवीड मेल्यावर प्रवासाला निघतं, हीच त्याची खोड. जमिनीखालचं गुपित अंगावर घेऊन ते कुंपणापर्यंत गडगडत येतं. म्हणून तिथे एक पथक या कामावर असतं. दाताळ्यांनी झुडपं गोळा करायची, तपासायची, दाबून गठ्ठे करायचे. किरणोत्सारी निघालेली झुडपं जाळत नाहीत. जाळली तर स्ट्राँशियम काही जळत नाही, ते धुराबरोबर आणि राखेबरोबर आणखी पसरेल. ती खास अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात. आणि उकरलेल्या जागांवर उथळ मुळांचं गवत लावतात, म्हणजे टंबलवीडला जागाच उरू नये.

प्राण्यांनीही आपापला हातभार लावलाच. पन्नासच्या दशकात हॅनफर्डला कुठल्याशा बिळं खणणाऱ्या प्राण्यानं कचऱ्याच्या एका बुजवलेल्या चरात भुयार पाडलं. आत होते सीझियम आणि स्ट्राँशियम मिसळलेले क्षार. तिथल्या मोठ्या कानांच्या सशांना मिठाची फार आवड. माळरानावर मीठ मिळतं कुठे? ससे येऊन तो चर चाटायला लागले. चाटून झाल्यावर गेले आपल्या वाटेनं, आणि वाटेत काय केलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. लेंड्या! किरणोत्सारी लेंड्या. त्या सशांना कोल्ह्यासारखे दिसणारे कायोटी खायचे, मग त्यांची विष्ठाही तशीच. भोक बुजवलं, पण तोवर काही चौरस किलोमीटरांवर सडा पडला होता. पुढे २००९मध्ये त्या लेंड्या शोधायला चक्क हेलिकॉप्टर आणलं. खाली संवेदक बसवलेलं ते हेलिकॉप्टर जमिनीपासून अगदी कमी उंचीवरून शेतात नांगर फिरतो तसं इकडून तिकडे उडत होतं आणि नकाशावर ठिपके उमटत होते. पायलटला घरी मुलांनी विचारलं असेल, ‘बाबा, आज काय केलंत?’ तर त्यानं काय सांगितलं असेल, याचा मी बराच विचार केलाय.

हॅनफर्डच्या चिलटांचाही एक किस्सा आहे, १९९८चा. केळी जास्त पिकली की घोंगावतात ती चिलटं. एका खोल चेंबरमधली किरणोत्सारी धूळ उडू नये म्हणून कामगारांनी तिथे चिकट द्रावण फवारलं. त्यात होती साखर. चिलटांना निमंत्रणच! त्यांनी तिथे अंडी घातली, नवी पिढी उडाली आणि डबे खायच्या जागी, कचऱ्याच्या पेट्यांत जाऊन बसली. तो कचरा नेहमीप्रमाणे शेजारच्या रिचलँड शहराच्या कचरा डेपोत गेला. कळल्यावर तिथून सुमारे २०० टन कचरा उकरून परत आणावा लागला.

आता तुतीची गोष्ट. ही मला सगळ्यांत आवडते. कोलंबिया नदीच्या काठावर, एका अणुभट्टीच्या खालच्या अंगाला तुतीची झाडं होती. भट्टीचं पाणी जिथे मुरायला सोडत, तिथून ते जमिनीतून झिरपत नदीकडे येत होतं आणि तुतीची मुळं नेमकी त्या वाटेवर. नदीत स्ट्राँशियम जातंय हे सांगून सांगून थकलेल्या एका संशोधकानं १९९०मध्ये त्या झाडांची पिकलेली तुती गोळा केली, तिचा जॅम बनवला, बरण्यांत भरला, आणि एक बरणी राज्याच्या गव्हर्नरांना, एक देशाच्या ऊर्जामंत्र्यांना पाठवून दिली. निवेदनं फायलीत जातात. जॅमची बरणी फायलीत ठेवता येत नाही.

हे सगळं वाचून वाटेल की माती म्हणजे नुसतं गाळणं, वरचं सगळं खाली आणि खालचं सगळं वर. तसं नाही. माती बरंच काही पकडून ठेवते, आणि कोणती माती काय पकडते यावर पुढचं सगळं ठरतं. चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या थप्प्या. काही प्रकारच्या चिकणमातीत या पापुद्र्यांच्या कडा किंचित उसवलेल्या असतात, आणि त्या फटीत सीझियमचा अणू असा फिट्ट बसतो की निघता निघत नाही. मुळानं कितीही ओढलं तरी! म्हणून चिकणमातीच्या शेतात पिकांना सीझियम कमी मिळतं, आणि वाळूसारख्या किंवा कुजक्या पानांच्या जमिनीत जास्त. शेतकऱ्यानं भरपूर पोटॅश खत घातलं तर आणखी कमी. दारावर खऱ्या पाहुण्यांची गर्दी झाली की आगंतुकाला आत शिरायला वेळ लागणारच.

जपानमध्ये मार्च २०११मध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्या फुटल्या, तेव्हा हवेतून पडलेलं सीझियम या मातीच्या चिवटपणामुळेच वरच्या थरात अडकून राहिलं. जपान्यांनी मग शेतांची, शाळेच्या मैदानांची, परसांची वरची साधारण ५ सेंटीमीटर माती खरवडून काढली. ऐकायला किती थोडी! पण सगळी मिळून ती एक कोटी घनमीटरच्या वर गेली. काळ्या मोठ्या पिशव्यांत भरून रचलेली. सूर्यफुलं लावली तर ती सीझियम शोषून घेतील, असं वाटून लोकांनी तिथे हौसेनं सूर्यफुलंही पेरली होती. फुलली छान, पण सीझियम फारसं हललं नाही. मातीनं मूठ घट्ट आवळली होती.

स्ट्राँशियमला मातीची पकड सैल. ते पाण्याबरोबर सरकत राहतं. म्हणून सीझियम कुठे पडलं हे माती सांगते, आणि स्ट्राँशियम कुठे निघालंय हे झाडं सांगतात.

झाडांच्या या चहाडीमुळे एकदा एका संपूर्ण देशानं लपवलेली गोष्ट उघडी पडली होती. गोष्ट तेव्हाच्या सोव्हिएत संघातली. उरल पर्वताच्या पूर्वेला, चेल्याबिन्स्क प्रांतात, मायाक नावाचा हॅनफर्डसारखाच कारखाना होता. अणुकचरा आपला आपण तापत असतो, त्याला सतत थंड ठेवावं लागतं. २९ सप्टेंबर १९५७ला तिथल्या एका टाकीचं थंड करायचं यंत्र बिघडलेलं होतं. आतलं द्रावण आटलं, उरलेले क्षार तापत गेले आणि स्फोट झाला. टाकीवरचं १६० टनांचं काँक्रीटचं झाकण उडालं. किरणोत्सारी ढग वाऱ्याबरोबर ३०० किलोमीटरपर्यंत गेला. दहा हजारांहून जास्त माणसं हळूहळू तिथून हलवली. सगळ्यांत जास्त मार बसलेल्या भागातले पाईनवृक्ष मेले. बर्चची झाडं त्या मानानं चिवट निघाली. आणि बाहेरच्या जगाला? एक अक्षर कळू दिलं नाही.

झोरेस मेदवेदेव हे रशियन जीवशास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात लंडनला राहायला आले होते. १९७६मध्ये त्यांनी एका लेखात या स्फोटाचा सहज उल्लेख केला. त्यांना वाटत होतं, हे तर सगळ्यांना माहीतच असणार! झालं उलटंच. ब्रिटनच्या अणुऊर्जा खात्याच्या प्रमुखांनी हे सगळं काल्पनिक आहे म्हणून उडवून लावलं. मेदवेदेवना राग आला. ते भांडत बसले नाहीत, थेट ग्रंथालयात गेले.

तिथे सोव्हिएत शास्त्रज्ञांचे निबंध होते. रटाळ वाटतील असे: तळ्यातल्या माशांमधलं स्ट्राँशियम, पानांमधलं सीझियम, पक्षी, उंदीर, मुंग्या, गवत. हे किरणोत्सारी पदार्थ तिथे आले कुठून, यावर मौन. जागेचं नाव नाही. सेन्सॉरनं सगळं कापलेलं. मग मेदवेदेवनी झाडाझुडपांची आणि प्राण्यांचीच साक्ष काढली. अमुक झाड आणि तमुक प्राणी एकत्र कुठे सापडतात? उरलच्या आसपास. तळ्यात मोठे शिकारी मासे इतके पकडलेत, मग तळं किती मोठं असेल? खूप मोठं. एवढं मोठं तळं कुणी प्रयोगासाठी मुद्दाम बिघडवेल का? शक्यच नाही, म्हणजे अपघात. ‘इतक्या वर्षांनी’ नमुने घेतले असं निबंधात लिहिलंय, तेवढी वर्षं मागे गेलं की कुठलं साल येतं? १९५७च्या आसपास. आणि एका निबंधात सेन्सॉरची कात्री चुकली होती. ‘चेल्याबिन्स्क’ हा शब्द तसाच राहिला होता. १९७९मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या लोकांनी जुने आणि नवे सोव्हिएत नकाशे शेजारी ठेवून पाहिले, तर तीसहून जास्त छोट्या गावांची नावं नकाशावरून गायब! सोव्हिएत सरकारनं अखेर १९८९मध्ये कबूल केलं.

चहाडीत मुलांनीही भाग घेतलाय, बरं का. कॅल्शियम आणखी कशात असतं? हाडांत आणि दातांत. पन्नासच्या दशकात मोठे देश उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या करत होते. स्ट्राँशियम गवतावर पडे, गवत गाईच्या पोटात, दूध मुलांच्या पोटात. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९५८च्या सुमारास काही शास्त्रज्ञांनी आणि गृहिणींनी मिळून मुलांना आवाहन केलं: तुमचे पडलेले दुधाचे दात आम्हाला पाठवा. दात पाठवणाऱ्याला छातीवर लावायचा बिल्ला मिळायचा. जवळजवळ तीन लाख दात जमले! नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्राँशियम कित्येक पटींनी वाढत गेलेलं दिसलं. १९६३मध्ये हवेतल्या अणुचाचण्या थांबवण्याचा करार झाला, त्यामागे या दातांचंही थोडं वजन होतं.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. घाबरायचं का? मघाशी म्हटलं, यंत्र तुमच्या वर्गातही कट् कट् करेल. कारण सगळ्याच मातीत थोडं नैसर्गिक किरणोत्सारी पोटॅशियम असतं. पृथ्वी तयार झाली तेव्हापासून आहे. केळ्यात आहे, बटाट्यात आहे, तुमच्यात आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात या पोटॅशियमचे चार हजारांहून जास्त अणू दर सेकंदाला फुटत असतात. सारा सवाल ‘किती’चा आहे, आणि ‘अंगात जाऊन कुठे बसतं’ याचा. एक डाग लागलेलं टंबलवीड कुंपणाला अडकलं म्हणून शहर धोक्यात येत नाही. ते उचलून न्यायचं, एवढंच. पण हाडात जाऊन बसलेलं स्ट्राँशियम वर्षानुवर्षं आतूनच मारा करत राहतं, आणि ते काही दाताळ्यानं काढता येत नाही. म्हणून कंटाळा न करता झुडूपन् झुडूप तपासायचं.

स्ट्राँशियम-९० दर २९ वर्षांनी निम्मं होतं. आज १०२४ अणू असतील, तर २९ वर्षांनी ५१२, ५८ वर्षांनी २५६. वहीत मांडत जा, दहाव्या वेळी, म्हणजे २९० वर्षांनी, एकच उरेल. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला जेवढा काळ झाला त्याहून हे कमीच. तेवढा वेळ त्याला जागच्या जागी धरून ठेवलं की काम भागलं.

धरायचं कशानं? इथे शास्त्रज्ञांनी झाडांच्या गफलतीचाच फायदा घ्यायचं ठरवलं. हॅनफर्डच्या नदीकाठी वाळुंजाच्या कुळातली एक झुडूपवजा जात लावून पाहिली. ती मुळांनी स्ट्राँशियम ओढून घेते, मग पानं गळायच्या आधी तिला छाटायचं. हरणांनी येऊन चरू नये म्हणून भोवती कुंपण. दुसरी युक्ती तर अफलातून. नदीकाठच्या जमिनीत कॅल्शियम आणि फॉस्फेटचं द्रावण टोचून तिथे अ‍ॅपेटाइट नावाचं खनिज तयार केलं. अ‍ॅपेटाइट माहीत आहे? तुमचे दात त्याच्याच जातीच्या खनिजाचे बनलेत. झिरपत येणारं स्ट्राँशियम या दाताच्या भिंतीत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं आणि अडकतं. पाणी पुढे नदीत जातं.

पण टाकीतल्या कचऱ्यात उरलेल्या प्लुटोनियमला निम्मं व्हायला २४,१०० वर्षं लागतात. तिथे ना झाड पुरं पडत, ना दाताची भिंत. त्यासाठी कचरा वितळलेल्या काचेत कालवून काचेचेच ठोकळे करतात, म्हणजे पाणी लागलं तरी तो सहजी विरघळून मातीत उतरत नाही. हॅनफर्डला या कामाचा अवाढव्य कारखाना बांधायला घेतला २००२मध्ये. काचेत कचरा कोंडायचं हे तंत्र आपल्या पालघर जिल्ह्यात, तारापूरलाही वापरतात. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९पासून चालू आहे, देशातलं पहिलं. तिथे, आणि देशातल्या इतर अणुवीज केंद्रांजवळही, एक पर्यावरण तपासणीची प्रयोगशाळा असते. तिथली माणसं आसपासच्या गावांतून माती, पाणी, दूध, भाजीपाला, मासे असे नमुने आणतात, वाळवतात, जाळून राख करतात आणि त्या राखेसमोर यंत्र लावून तासन्‌तास बसतात.

ही मोजणी केंद्र सुरू होण्याच्या आधीच सुरू करावी लागते. म्हणजे अजून काहीच घडलं नसताना गावातला भाजीपाला मोजायचा! कारण मातीत पोटॅशियम आधीपासून आहे, आणि जुन्या अणुचाचण्यांचं थोडं सीझियम जगभर सगळीकडे पडलेलं आहे. आधीचा आकडा लिहून ठेवला नाही, तर उद्या अळूच्या पानात काही सापडलं तर ते कुणाच्या नावावर लिहायचं?